हातातले युद्ध आणि खेळात नसलेली माणसे

आखातातून सुट्टीवर येणाऱ्या मामूंच्या बॅगेत खजूर, अत्तर आणि अम्मीसाठी कापड यांबरोबर मुलांसाठीही काहीतरी असतेच. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ते 'काहीतरी' बऱ्याचदा सोनी कंपनीचे प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे पीएसपी असे. भाईजानचे वापरून झाले की ते धाकट्याकडे जाई. अनेक घरांच्या कपाटात ते अजूनही आहे आणि बॅटरी बदलली तर चालतेही. या यंत्रावर मुलांनी आवडीने खेळलेल्या युद्धखेळांपैकी एक म्हणजे 'कॉल ऑफ ड्यूटी : रोड्स टू व्हिक्टरी'. हा खेळ २००७ साली आला. आज मोबाईलवर असे खेळ ढिगाने आहेत. पण त्यांची घडण समजून घ्यायला हा जुना खेळ पुरेसा आहे.

खेळ दुसऱ्या महायुद्धाचा. पडद्यावर आपला सैनिक दिसत नाही. दिसतात त्याचे हात आणि पुढे रोखलेली बंदूक. म्हणजे खेळणारा मुलगाच सैनिक. पीएसपीला अंगठ्याने फिरवायची कळ एकच. तिने चालायचे आणि उजवीकडच्या चार बटणांनी मान वळवायची. अशाने नेम धरणे कठीण, म्हणून खेळ स्वतःच नेमाला मदत करतो. गोळी लागून सैनिक पडला तरी काळजी नाही. पुन्हा सुरुवात करता येते. अमेरिकेतील मानांकनानुसार हा खेळ तेरा वर्षांपुढील मुलांसाठी आहे.

मुलांना हे का आवडते, हे आपण मोठ्यांनी आधी समजून घ्यायला हवे. समोर ठरलेले काम असते, ते जमले की लगेच शाबासकी मिळते आणि चूक झाली तर पुन्हा संधी असते. शाळेत आणि घरात या तिन्ही गोष्टी मुलांना नेहमी मिळतातच असे नाही. त्यामुळे 'हे यंत्र फेकून देईन' या धमकीने फारसे साधत नाही. खेळ लपून सुरू राहतो आणि त्यावरचे बोलणे तेवढे बंद होते.

आमची काळजी थोडी वेगळी आहे. या खेळात काय दाखवले आहे, यापेक्षा काय दाखवलेले नाही, ते मुलांना कोण सांगणार?

खेळात अमेरिकी, कॅनेडियन आणि ब्रिटिश अशा तीन सैन्यांच्या मोहिमा आहेत. त्यातली कॅनेडियन मोहीम शेल्ड्ट नदीच्या मुखाजवळची. ही लढाई खरोखर झाली. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्याने बेल्जियमचे अँटवर्प बंदर जवळजवळ शाबूत जिंकले. पण समुद्राकडून तिथे येणाऱ्या जलमार्गाचे काठ जर्मनांकडेच राहिले. जहाजे येईनात. मुखावरचे वालखरेन बेट घेणे भाग होते. हे बेट बरेचसे समुद्रसपाटीहून खाली आणि बांधांच्या आधाराने कोरडे राहिलेले. ३ ऑक्टोबर १९४४ रोजी ब्रिटिश विमानांनी वेस्टकापेले गावाजवळचा बांध बॉम्बने फोडला. आदल्या दिवशी इशाऱ्याची पत्रके टाकली होती. पण पाण्याने वेढलेल्या बेटावरून लोक जाणार कुठे? गावातली दीडशेहून अधिक माणसे त्या दिवशी मेली. शेतांत खारे पाणी शिरले आणि बेटावरचे सगळे बांध पुन्हा बुजवायला वर्षाहून अधिक काळ लागला. ही माणसे शत्रू नव्हती. ज्यांना सोडवायचे होते, तीच ही माणसे. गोळी झाडण्यासाठी रचलेल्या खेळात त्यांना जागा नाही.

खेळात आपलीही माणसे नाहीत. त्या महायुद्धात अखंड हिंदुस्थानचे सुमारे २५ लाख सैनिक होते. ६ एप्रिल १९४४ रोजी इंफाळजवळ जमादार अब्दुल हफीज यांनी शत्रूच्या मशीनगनवर चाल केली. १० जुलैला इटलीत रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे यांनी तेच केले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर. त्यांना पुन्हा सुरुवात करता आली नाही.

आणि जहाजांवरचे खलाशी? आपल्या कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जात आले. युद्धकाळात मालवाहू जहाजांवरचे सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मृत्यू पावले. अँटवर्पचा मार्ग मोकळा झाल्यावर २८ नोव्हेंबर १९४४ रोजी तिथे पहिले जहाज शिरले ते 'फोर्ट कॅटरॅक्वी', कॅनडात बांधलेले. कॅनडातच बांधलेले दुसरे 'फोर्ट' जहाज त्याआधी १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभे होते, 'फोर्ट स्टिकिन'. त्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकेही. आग लागली, दोन प्रचंड स्फोट झाले आणि शेकडो माणसे गेली. युद्ध असे गोळी न झाडता आपल्या दारात आले होते.

पालकांना आमचे सांगणे एवढेच, की एखाद्या संध्याकाळी मुलाशेजारी बसा. त्याला खेळ दाखवू द्या, मध्ये बोलू नका. संपल्यावर नकाशा काढा आणि विचारा : हे गाव कुठे आहे? या घरांत कोण राहत होते? ते आता कुठे गेले? घरात जुने खलाशी नाना असतील किंवा त्यांच्या गोष्टी आठवणारी नानी असेल, तर तिलाही जवळ बसवा. मुलाचा वेळही ठरवून द्या आणि तो स्वतःच्या मोबाईललाही लावा.

मुंबईच्या त्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या दिवसांत जवळच्या अग्निशमन केंद्रात मुलांना जरूर घेऊन जा. जिवावर उदार होऊन आगीत शिरणारी आणि बंदूक न धरणारी माणसे त्यांना तिथे प्रत्यक्ष भेटतील.