तंतूच्या टोकाशी अडलेलं कॅल्शियम

खुर्चीतून उठताना मांड्यांत बळ नाही, जिना चढवत नाही, तोंडाला सतत कोरड. गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय उडत नाही. पण मांडी दहा-पंधरा सेकंद जोर लावून ताणायला सांगा आणि पुन्हा मारा, आता उडतो! श्रमाने थकायचं सोडून स्नायू काही क्षण तरतरीत होतो. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एडवर्ड लॅम्बर्ट आणि ली ईटन यांनी सहकाऱ्यांसह या आजाराचं वर्णन केलं. आज तो त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो.

हातापायांच्या मज्जातंतूतून संदेश धावतो तो मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियमच्या जोरावर. तंतू संपतो तिथे मात्र स्नायूपर्यंत एक फट असते. ती ओलांडायला ॲसिटिलकोलीन लागतं, आणि ते कधी सुटणार हे कॅल्शियमच्या हातात. तंतूच्या बाहेर ते आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असतं. संदेश पोचला की टोकाच्या आवरणातली कॅल्शियम चॅनेल क्षणभर उघडतात, ते आत घुसतं आणि ॲसिटिलकोलीनच्या सूक्ष्म पिशव्या रित्या होतात. १९७० चं नोबेल मिळालेले बर्नार्ड कॅट्झ यांनी लंडनमध्ये बेडकाच्या स्नायूंवर हे उलगडलं. त्यांच्याच विभागात १९६७ मध्ये दिसलं, की कमी कॅल्शियम असताना ते दुप्पट केलं तर स्राव जवळजवळ सोळापट होतो. आजाराचं मर्म मला या आकड्यात दिसतं. थोडी चॅनेल निकामी झाली तरी ताकद फार घटते. उलट लागोपाठ संदेश येऊन कॅल्शियम साचलं, की तेवढ्यापुरती ती परतते.

चॅनेल निकामी करतात ती शरीराचीच प्रतिपिंडं. सुमारे निम्म्या रुग्णांत यामागे फुफ्फुसाचा ‘स्मॉल सेल’ कर्करोग असतो. त्या गाठीच्या पेशींवरही हीच चॅनेल असतात. प्रतिकारशक्ती गाठीवर चालून जाते आणि निरोगी मज्जातंतू भरडले जातात.

ॲमिफॅम्प्रिडीन हे औषध पोटॅशियमची वाट अडवतं. त्यामुळे विजेची लहर लांबते आणि शाबूत चॅनेल जरा जास्त वेळ उघडी राहतात. रुग्णाला उठता-बसता येऊ लागतं, पण गाठीला त्याने काहीच होत नाही. कमजोरी पुष्कळदा गाठ सापडण्याच्या कितीतरी आधी येते. म्हणून, विशेषतः सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत, छातीचा पहिला स्कॅन स्वच्छ आला तरी दोन वर्षं दर काही महिन्यांनी तो पुन्हा करावाच.