तीव्र रक्तकर्करोग : उपचारांपूर्वीचे अनुमान

रक्ताच्या कर्करोगाचे निदान होताच आप्तेष्टांचा पहिला प्रश्न असतो, ‘औषधाने गुण येईल ना?’ तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या प्रकारात ह्या प्रश्नाचा विचार उपचार सुरू करण्यापूर्वीच करावा लागतो; कारण येथे उपचारही रोगाइतकेच कठोर असतात.

१९७३ पासून रूढ होत गेलेल्या पद्धतीनुसार सायटाराबिन हे औषध सात दिवस व डॉनोरुबिसिन तीन दिवस शिरेवाटे दिले जाते. रोगट पेशींबरोबर निरोगी रक्तपेशीही नष्ट होतात आणि पुढील काही आठवडे जंतुसंसर्गाचे व रक्तस्रावाचे भय राहते. अस्थिमज्जेतील रोगट अपक्व पेशी शेकडा ५ हून कमी झाल्या व रक्तपेशींची संख्या पूर्ववत झाली, म्हणजे रोग ओसरला असे मानतात. मात्र रोग ओसरणे म्हणजे तो समूळ बरा होणे नव्हे. त्यानंतरही उपचार चालू ठेवावे लागतात.

अनुमान दोन अंगांनी केले जाते. पहिले अंग रुग्णाच्या शरीराचे. त्याचे वय, हृदय व मूत्रपिंडे यांचे कार्य आणि दैनंदिन कामे स्वतः करण्याची शक्ती यांवरून हे उपचार त्याला सोसतील काय, हे ठरते. दुसरे अंग रोगट पेशींचे. ८ व २१ क्रमांकांच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झालेली आढळल्यास रोग बहुधा औषधांना नमतो. उलट ७ क्रमांकाचे एक गुणसूत्र नाहीसे झाले असल्यास, अथवा टीपी-५३ या जनुकात बिघाड असल्यास तो चिवट ठरतो. म्हणूनच बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या दोन रुग्णांना भिन्न फळ मिळते.

साठीच्या आतील शंभर रुग्णांपैकी साधारणतः ६० ते ८५ जणांचा रोग या उपचारांनी ओसरतो. साठीनंतर हे प्रमाण ४० ते ६० पर्यंत उतरते. परंतु हे अनुमान समूहाचे होय. समोरचा रुग्ण कोणत्या गटात पडेल, हे निश्चितपणे सांगता येत नाही.

प्रतिकूल अनुमान म्हणजे आशेचा शेवटही नव्हे. कठोर उपचार न झेपणाऱ्या वृद्ध व दुर्बल रुग्णांसाठी व्हेनेटोक्लॅक्स व अ‍ॅझासिटिडीन या औषधांच्या संयुक्त उपचारास अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. व्यर्थ यातना टाळून योग्य उपचार निवडणे, हाच अनुमानाचा खरा हेतू आहे. यास्तव नातेवाइकांनी केवळ वयावरून निर्णय घेऊ नये. गुणसूत्रांच्या व जनुकांच्या तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. प्रकृती स्थिर असल्यास त्यांच्या सल्ल्याने त्या अहवालांसाठी काही दिवस थांबता येते.