डिजिटल फोटोंचे संस्करण – भाग ५ : नकोशी झाक आणि तिचा उतारा

पिवळ्या प्रकाशात धरलेला पांढरा कागद प्रत्यक्षात पिवळाच प्रकाश परत फेकतो. तरीही साध्या बल्बखाली वाचणाऱ्याला पुस्तकाची पाने पांढरीच दिसतात, कारण डोळा आणि मेंदू मिळून भोवतालच्या प्रकाशाचा रंग हिशेबातून वजा करतात. या क्षमतेला रंग-अनुकूलन म्हणतात. डोळ्यातील तीन प्रकारच्या शंकुपेशी आपापली संवेदनशीलता स्वतंत्रपणे कमी-जास्त करतात आणि त्यातून हे घडते, असे जर्मन शास्त्रज्ञ योहानेस फॉन क्रीस यांनी १९०२ मध्ये मांडले. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र जेवढा आणि जसा प्रकाश पोचला तेवढाच नोंदवतो. वजाबाकी त्याच्या वतीने कोणीतरी करावी लागते. ती झाली नाही किंवा चुकली, की संपूर्ण फोटोवर एकाच रंगाचा पातळ थर पसरल्यासारखा दिसतो. हीच झाक.

झाक येते कुठून

प्रकाशाचा रंग केल्विन या एककात सांगतात. तापवलेली वस्तू आधी लाल, मग पिवळी, मग पांढरी आणि अतिउच्च तापमानाला निळसर दिसते, या गुणधर्मावर हे मोजमाप बेतलेले आहे. समईची किंवा मेणबत्तीची ज्योत साधारण १,९०० केल्विन, घरगुती टंगस्टन बल्ब २,७०० ते २,८५०, दुपारचे ऊन सुमारे ५,५००, ढगाळ आकाश ६,५०० च्या आसपास आणि निरभ्र दिवशीची सावली ७,००० ते ८,००० केल्विन. आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळा. म्हणूनच झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत काढलेले चेहरे निळसर येतात: तिथे सूर्य पोचत नाही, उजेड येतो तो निळ्या आकाशाचा.

पिवळे-निळे हा एकच अक्ष पुरत नाही. ट्यूबलाइटच्या आत पाऱ्याची वाफ असते आणि तिच्या प्रकाशात ५४६ नॅनोमीटरपाशी हिरव्या रंगाची ठळक रेषा असते. त्यामुळे जुन्या कार्यालयांतले आणि जिन्यांतले फोटो हिरवट दिसतात. हलक्या दर्जाच्या एलईडी दिव्यांतही हा दोष आढळतो. त्यासाठी हिरवा-मॅजेंटा असा दुसरा अक्ष लागतो.

तिसरे कारण भोवतालच्या रंगीत वस्तूंचे. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात दुपारचे ऊन कापडातून गाळून येते आणि नवरा-नवरीपासून अक्षतांपर्यंत सगळ्यांवर केशरी रंग चढतो. दाट झाडीखाली हिरवा, रंगवलेल्या भिंतीजवळ भिंतीचा रंग चेहऱ्याच्या एका बाजूला उतरतो.

झाक ओळखणे

फोटोकडे बराच वेळ पाहत राहिले तर डोळा पडद्यावरच्या झाकेलाही सरावतो. म्हणून नजरेबरोबर आकडे पाहावेत. जवळजवळ प्रत्येक संस्करण सॉफ्टवेअरमध्ये पॉइंटर ठेवलेल्या पिक्सेलचे लाल, हिरवा आणि निळा हे तीन आकडे ० ते २५५ या पट्टीवर दिसतात. जी वस्तू मुळात रंगहीन आहे, म्हणजे पांढरा सदरा, राखाडी डांबरी रस्ता, सिमेंटची भिंत, स्टीलचे भांडे, तिचे तिन्ही आकडे जवळपास सारखे असायला हवेत. जो आकडा वर गेला त्या रंगाची झाक. जो खाली पडला त्याच्या विरोधी रंगाची. विरोधी जोड्या तीनच आहेत: लाल आणि सायन, हिरवा आणि मॅजेंटा, निळा आणि पिवळा. झाक घालवायची म्हणजे तिच्या विरोधी रंगाकडे सरकायचे.

रंगहीन वस्तू फ्रेममध्ये नसेल तर त्वचा उपयोगी पडते. माणसाची त्वचा गोरी असो वा सावळी, तटस्थ प्रकाशात लाल सर्वांत जास्त, हिरवा मधे आणि निळा सर्वांत कमी हा क्रम टिकतो. निळा हिरव्याच्या वर गेला की चेहरा जांभळट दिसू लागतो.

दुरुस्तीचा हिशेब

मांडवातल्या एका फोटोचे उदाहरण घेऊ. नवरदेवाच्या पांढऱ्या उपरण्यावर लाल २१४, हिरवा १९६, निळा १५८ असे आकडे मिळाले. हिरवा तसाच ठेवून बाकीचे दोन त्याच्या पातळीवर आणायचे तर लालला सुमारे ०.९२ ने आणि निळ्याला सुमारे १.२४ ने गुणावे लागते. तेच गुणक फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला लावले की शेजारच्या चेहऱ्याचे २०५, १५०, ९५ हे आकडे १८८, १५०, ११८ होतात: केशरीपणा जातो, त्वचेचा उबदारपणा राहतो. या दुरुस्तीला व्हाइट बॅलन्स म्हणतात आणि सॉफ्टवेअरमधला त्याचा आयड्रॉपर रंगहीन जागी केलेल्या एका क्लिकमध्ये हेच काम करतो. सॉफ्टवेअर अर्थात हा गुणाकार सेन्सरच्या मूळ नोंदींवर करते. इथे फक्त तत्त्व दाखवले आहे.

क्लिक कुठे करायचे, हाच यातला खरा निर्णय. त्याच उपरण्याच्या उजळ घडीवर आकडे २५५, २५०, २०५ असतील तर ती जागा टाळावी. लाल २५५ ला अडकला आहे, म्हणजे तो प्रत्यक्षात किती होता ही माहितीच हरवली आहे. वरचे गुणक तिथे लावले तर २३४, २५०, २५४ मिळतात आणि पांढऱ्या कापडावर सायन डाग उमटतो. म्हणून जळालेल्या पांढऱ्यापेक्षा मध्यम उजेडातला राखाडी भाग निवडावा. छायाचित्रकार पहिला फोटो १८ टक्के परावर्तनाचे राखाडी कार्ड धरून काढतात ते यासाठीच. प्रकाश बदलला की कार्डाचा फोटो पुन्हा घ्यावा लागतो.

आयड्रॉपरने आलेला निकाल टेम्परेचर (पिवळा-निळा अक्ष) आणि टिंट (हिरवा-मॅजेंटा अक्ष) या दोन स्लायडरांनी नेमका करतात. टेम्परेचरचा आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो, हे सुरुवातीला उलटे वाटते. त्या आकड्याने सॉफ्टवेअरला सांगितले जाते की प्रत्यक्ष प्रकाश एवढ्या केल्विनचा होता. प्रकाश निळा होता असे कळले की ते भरपाई म्हणून पिवळा वाढवते. शिवाय ३०० केल्विनचा फरक बल्बच्या प्रकाशात, म्हणजे २,७०० वरून ३,००० ला, स्पष्ट जाणवतो. ८,००० च्या पुढे तो जवळजवळ कळत नाही.

रॉ आणि जेपीईजी

रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स ही केवळ एक नोंद असते. सेन्सरची मूळ माहिती जशीच्या तशी राहते. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपीईजीत फक्त २५६. त्यामुळे जेपीईजीतला निळा जोरात ओढला की सावलीच्या भागात दाणे दिसतात आणि आकाशात पट्टे पडतात. जेपीईजी उघडल्यावर लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमधील टेम्परेचर स्लायडरवर केल्विनऐवजी उणे १०० ते अधिक १०० अशी पट्टी दिसते, कारण कॅमेऱ्याने आधीच एक निर्णय फाइलमध्ये पक्का केलेला असतो. महत्त्वाच्या समारंभाला रॉमध्ये फोटो काढणे म्हणूनच शहाणपणाचे. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मोफत सॉफ्टवेअर रॉ फाइल उत्तम हाताळतात.

ऑटो कुठे फसते

ऑटो व्हाइट बॅलन्सच्या अनेक पद्धतींच्या मुळाशी एक गृहीतक असते: फ्रेममधल्या सर्व रंगांची सरासरी राखाडी येते. बाजारपेठेच्या किंवा रस्त्याच्या फोटोत ते बऱ्याच अंशी खरे ठरते. हळदीच्या कार्यक्रमात ते कोसळते. पिवळी साडी, हळदीने माखलेले हात, झेंडूची तोरणे यांनी फ्रेम भरलेली असते. तो पिवळा वस्तूंचा आहे, प्रकाशाचा नाही, हे ऑटोला कळत नाही. ते निळा मिसळते आणि हळद फिकट, चेहरे मलूल होतात. हिरव्यागार भातखाचरांच्या फोटोत याच कारणाने मॅजेंटा चढतो. अशा वेळी ऑटो बंद करून प्रकाशानुसार डेलाइट, क्लाउडी किंवा टंगस्टन यांपैकी योग्य सेटिंग निवडावे.

दोन प्रकाशांचा पेच

खिडकीतून दिवसाचा उजेड आणि छतावरून पिवळा दिवा असे एकत्र आले की कोणताही एक गुणक पूर्ण फोटोला लागू पडत नाही. खिडकीकडचा गाल बरोबर केला तर मागची भिंत केशरी राहते; भिंत बरोबर केली तर गाल निळा होतो. तेव्हा आधी मुख्य विषयावरचा प्रकाश प्रमाण मानून संपूर्ण फोटो दुरुस्त करावा, मग ब्रश किंवा मास्क वापरून उरलेल्या भागाचे टेम्परेचर वेगळे बदलावे. मास्कची कड मऊ ठेवावी. फोटो काढतानाच एक दिवा मालवता आला तर हे सारे कष्ट वाचतात.

क्रम आणि मर्यादा

झाकेची दुरुस्ती संस्करणात सर्वांत आधी करावी. कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन वाढवल्यावर झाकही तीव्र होते आणि काढणे अवघड जाते. काम करताना पडद्याचा नाइट मोड बंद हवा. तो चालू असताना पडदाच पिवळा असतो आणि दुरुस्त केलेला फोटो इतरांना निळा दिसतो. शेवटी तिन्ही आकडे पुन्हा तपासावेत.

प्रत्येक झाक घालवायची नसते. सूर्यास्ताचा तांबूसपणा, समईच्या उजेडातला देव्हारा, पावसाळी सकाळचा निळसर घाट यांत प्रकाशाचा रंग हाच फोटोचा आशय असतो. तिथे पांढरे कापड थोडे पिवळे राहिले तर ते योग्यच. आयड्रॉपरने ते शुभ्र केले तर समईची जागा ट्यूबलाइटने घेतल्यासारखी होईल. अशा फोटोत पूर्ण दुरुस्ती करून पाहावी आणि मग टेम्परेचर मूळ रंगाकडे हळूहळू परत आणावे. जिथे प्रसंग खरा वाटतो तिथे थांबावे.