उसना घेतलेला तास

शाळेच्या वेळापत्रकात 'शा. शि.' या दोन अक्षरांनी दर्शविलेला तास सर्वांत स्वस्त समजला जातो. परीक्षा जवळ आली, गणिताचा भाग मागे राहिला, की पहिली कुऱ्हाड कोसळते ती त्याच्यावर. तो 'उसना' घेतला जातो. मात्र तो परत करण्याची प्रथा नाही. ज्याला बाजारात किंमत नाही त्याला मूल्यही नाही, असे अर्थशास्त्राचा नवशिका विद्यार्थी मानतो. गुणपत्रिकेच्या बाबतीत आपला सुशिक्षित समाज याहून वेगळे काय करतो?

प्राथमिक शाळेतील मूल या तासाला नेमके काय शिकते? व्यायाम होतो, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. धावणे, उडी मारणे, चेंडू फेकणे व झेलणे या क्रिया वयाबरोबर आपोआप येतात, हा समज चुकीचा आहे. सुलेखनाप्रमाणे त्यांनाही सराव आणि मार्गदर्शन लागते. लंगडीत मूल तोल आणि दम सांभाळावयास शिकते. लेझीम खेळताना शेजाऱ्याच्या पावलाशी आपले पाऊल जुळविते.

खो-खोचेच पाहा. पाठलाग करणाऱ्याला खांबापर्यंत गेल्याखेरीज मागे फिरता येत नाही, बसलेल्या गड्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. प्रतिपक्षाचा गडी रांगेतून पलीकडे निसटला, की आपली धाव आवरून, तिकडे तोंड करून बसलेल्या सोबत्याला खो द्यावा लागतो. श्रमविभागणीचा याहून स्वच्छ पाठ कोणत्या पुस्तकात सापडेल? आणि बाद झाल्यावर मुकाट्याने बाहेर जाणे, हा तर नागरिकशास्त्राचा पहिला धडा होय.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान व खेळाचे साहित्य आवश्यक ठरविले, हे योग्यच झाले. परंतु त्याच कायद्याच्या अनुसूचीत शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही पट शंभराहून अधिक असेल तरच. पहिली ते पाचवीचा भार साहजिकच वर्गशिक्षकावर येतो. निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे सांभाळणाऱ्या त्या शिक्षकाला एकट्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचालीची शिफारस केली आहे. सधन पालक शुल्क भरून पोहण्याचा तलाव वा क्रीडासंकुल गाठू शकतात. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला मात्र शाळेच्या मैदानाखेरीज दुसरे मैदान नाही. त्याचा तास हिरावून घेणे म्हणजे गरिबांवर बसविलेला अप्रत्यक्ष करच नव्हे काय?

उपाय फार खर्चाचा नाही. वर्गशिक्षकाला खेळ शिकविण्याचे प्रशिक्षण द्यावे, पाच-सहा लहान शाळांमागे एक फिरता क्रीडाशिक्षक नेमावा, आणि हा तास अन्य विषयाला देण्यास मुख्याध्यापकांनी ठाम नकार द्यावा. पालकांनीही मुलाला 'आज काय लिहिलेस?' याबरोबर 'आज काय खेळलास?' असे विचारावयास हवे. हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला, तर शाळेला उत्तर द्यावेच लागेल.