पाणी आटते, क्षार मागे उरतो
अंबरनाथ/प्रतिनिधी

उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की रंग, फेस आणि दुर्गंधी यांचाच उल्लेख प्रामुख्याने होतो. ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये याप्रकरणी दंडही ठोठावला. मात्र, सांडपाण्यात विरघळलेला क्षार डोळ्यांना दिसत नसल्याने तो दुर्लक्षितच राहतो.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरात कापड आणि रसायनांचे उद्योग आहेत. सुती धाग्याने रंग शोषून घ्यावा म्हणून रंगाच्या द्रावणात मीठ घालतात. रसायन कारखान्यांत आम्लयुक्त सांडपाणी कॉस्टिक सोड्याने उदासीन केले की त्यातूनही क्षारच तयार होतो. प्रक्रिया केंद्रातील जिवाणू सेंद्रिय घाण खातात. क्षाराला ते हात लावत नाहीत. तो पूर्णपणे वेगळा करायचा तर अखेर पाणी आटवावे लागते आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत हवेत निसटत असतात. मीठ विरघळले की त्याचे आयन पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात आणि बाष्पीभवन मंदावते. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात. तेथे बाष्पदाब जेमतेम दोन टक्क्यांनी घटतो. मिठाच्या संपृक्त द्रावणात मात्र ही घट सुमारे २५ टक्के असते. म्हणजेच पाणी जसजसे आटते, तसतसे उरलेले पाणी आटवणे अधिक कठीण होत जाते.

हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, तर असे द्रावण आटण्याऐवजी हवेतील बाष्प शोषू लागते. पावसाळ्यात बरणीतील मीठ ओले होते, त्याचे कारण हेच. या दिवसांत आपल्याकडील आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांपुढे असते. साहजिकच, उन्हात पाणी आटवण्याची उघडी कुंडे कोरड्या महिन्यांतच उपयोगी पडतात.

उरतो तो वाफेवर चालणाऱ्या बंद बाष्पीभवन यंत्रांचा पर्याय. एक लिटर पाणी उकळीपर्यंत तापवण्यास लागते त्याच्या सुमारे सातपट उष्णता त्याची वाफ करण्यास लागते. हा इंधनखर्च टाळण्यासाठी क्षारयुक्त पाणी तसेच सोडून देण्याचा मोह होऊ शकतो. खर्च करून वाळवलेला क्षारही सुरक्षित ठिकाणी साठवावा लागतो. तो उघड्यावर टाकला, तर पहिल्याच पावसात विरघळून पुन्हा त्याच नदीत जातो आणि सारा खर्च पाण्यात.