दोन नोकऱ्या, एक घर : मध्यावर राहणं खरंच बरं?

सकाळी सहाला पहिली दुचाकी सिन्नरच्या रस्त्याला लागते. नऊला दुसरी गोदावरीचा पूल ओलांडून चांदोरीमार्गे निफाडकडे निघते. तो मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीनं कामाला, ती निफाडच्या एका सरकारी कार्यालयात. घर सायखेड्यात. घरात त्याची आई आणि पाच वर्षांची मुलगी. हे जोडपं मी मनानं रचलेलं आहे. पण नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्यांना ते ओळखीचं वाटेल. फक्त गावांची नावं बदलतील. कुठं ओझर आणि सातपूर, कुठं पिंपळगाव आणि नाशिकरोड.

या घरात सध्या एकच विषय आहे. त्याच्या कंपनीतले म्हणतात, सिन्नरला फ्लॅट बघ. तिला वाटतं, निफाडला दोन खोल्या भाड्यानं घेऊ. आईचं म्हणणं, "दोघांनाही सारखंच पडतंय की! मग गाव कशाला सोडायचं?"

आईचं म्हणणं सरळ वाटतं. पण ते गणिताला, शरीराला आणि घरातल्या कामाच्या वाटणीला कितपत पटतं, हे तपासून बघण्यासारखं आहे.

मध्यबिंदूची गंमत

हिशेबासाठी गोल आकडे धरू. घरापासून त्याचं काम २५ किलोमीटर, तिचं २०. दोघांचं मिळून एका वेळचं अंतर ४५. आता समजा, दोन्ही कामाची ठिकाणं एकाच सरळ रस्त्यावर आहेत आणि घर त्या रस्त्यावर कुठंही सरकवता येतं. घर सिन्नरकडे पाच किलोमीटर सरकवलं, तर त्याचे पाच वाचतात, तिचे पाच वाढतात. बेरीज तीच, ४५. अगदी सिन्नरला राहायला गेलं तरी ४५ आणि निफाडला गेलं तरी ४५.

म्हणजे दोन ठिकाणांच्या मधे कुठंही राहा, दोघांच्या एकूण प्रवासात काडीचा फरक पडत नाही. मध्यावर राहिल्यानं प्रवास कमी होत नाही, तो फक्त वाटला जातो.

मग वाटून घेण्यात फायदा काय? फायदा आहे, कारण थकवा अंतराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. दुचाकीवरची पहिली वीस मिनिटं आणि साठाव्या मिनिटानंतरची वीस मिनिटं सारखी नसतात. कंबर, मान, मनगटं आणि डोळे यांना पुढची मिनिटं जास्त जड जातात. हे ढोबळपणे दाखवायला गणितात अंतराचा वर्ग घेता येतो. २५ आणि २० चे वर्ग मिळवले तर १०२५ होतात. ४५ आणि शून्याचे मिळवले तर २०२५. किलोमीटर तेवढेच, पण त्रासाचा आकडा जवळपास दुप्पट. एकानं सगळा प्रवास सोसण्यापेक्षा दोघांनी वाटून घेतलेला बरा, हे आईचं म्हणणं इथं खरं ठरतं.

पण वजनं सारखी कुठं असतात?

आता त्यात आठवडा आणू. त्याचा आठवडा सहा दिवसांचा. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणून तिचे दिवस पाच. सायखेड्यात राहून त्याचे आठवड्याचे ३०० किलोमीटर होतात, तिचे २००, एकूण ५००. निफाडला राहिलं तर त्याचे एकट्याचे ५४०. सिन्नरला राहिलं तर तिचे एकटीचे ४५०.

नुसते किलोमीटर मोजणारा लगेच म्हणेल, सिन्नरला जा! आणि गणितानं तो चूक नाही. ज्याच्या फेऱ्या जास्त त्याच्या दारात घर, हाच सर्वांत स्वस्त उपाय. फक्त त्या स्वस्ताईची किंमत तिनं रोज ९० किलोमीटर जाऊन-येऊन चुकवायची.

शिवाय वजन फक्त दिवसांचं नसतं. त्याला कंपनीची बस मिळत असेल, तर त्याचा किलोमीटर हलका. बसमध्ये डोळा तरी लागतो. तिला दुचाकीनंच जावं लागत असेल, तर तिचा किलोमीटर जड. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं दगावली आणि त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. हे वजन मांडलं की उत्तर पुन्हा निफाडकडे झुकतं.

शरीर काय म्हणतं?

निफाडची थंडी दरवर्षी बातमीत येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा किती उतरला, हे आपण सकाळी वाचतो. समजा, पारा ६ अंशांवर आहे आणि दुचाकीचा वेग ताशी ४० किलोमीटर. वाऱ्यामुळे उघड्या त्वचेची उष्णता इतकी झपाट्यानं निघून जाते, की तिला ती थंडी सुमारे १ अंशाची जाणवते. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबायला उशीर होतो. म्हणून हातमोजे ही चैन नव्हे.

त्याहून मोठा प्रश्न झोपेचा. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची सावधगिरी आणि हालचालींतली अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, हे १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. आपल्या कायद्यानं वाहन चालवताना मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दुपारी झोप न घेता तिसऱ्या पाळीला गेलेला कामगार सकाळी २५ किलोमीटर दुचाकी चालवत घरी येतो, तेव्हा तो थेंबभर न पिताही त्या मर्यादेच्या पलीकडे असू शकतो. पाळीचं काम असणाऱ्याचं घर कामाजवळ असावं, याला हे सगळ्यांत भक्कम कारण आहे. ते शक्य नसेल, तर निघण्याआधी वीस मिनिटं डोळे मिटून पडणं किंवा सरळ बस धरणं.

मनाचंही तसंच. जर्मनीतल्या हजारो लोकांच्या माहितीवरून अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये एक कोडं मांडलं. लांबचा प्रवास करणाऱ्याला त्याच्या बदल्यात स्वस्त घर किंवा चांगला पगार मिळत असणार आणि म्हणून तो इतरांइतकाच समाधानी असणार, असं अर्थशास्त्र धरून चालतं. प्रत्यक्षात लांबून येणारे कमी समाधानी निघाले. मोठ्या घराची आपल्याला सहा महिन्यांत सवय होते. रोजच्या खोळंब्याची होत नाही, कारण तो रोज नवा असतो. कधी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, कधी उसाची ट्रॉली, कधी रस्त्याचं काम.

तिचा प्रवास वेगळा का?

ब्रिटनमधला २०११ चा एक अभ्यास इथं महत्त्वाचा आहे. प्रवासाचा वेळ वाढला की स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर परिणाम दिसत होता, पुरुषांच्या बाबतीत तो जवळजवळ दिसत नव्हता. संशोधकांनी त्याचा संबंध घरातल्या जबाबदाऱ्यांशी जोडला. आपल्याकडचं चित्र २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७ मिनिटं.

म्हणजे दोघांचा प्रवास कागदावर सारखा असला, तरी तो सारख्या दिवसात बसवायचा नसतो. त्याचा प्रवास कामाला जोडलेला असतो. तिचा प्रवास दोन कामांच्या मधे चेपलेला असतो. तो लांबला की आधी झोप जाते, मग जेवणाची वेळ आणि शेवटी नोकरी. "दोघांत कुणीतरी घरी थांबायला हवं," हे वाक्य जेव्हा घरात येतं, तेव्हा ते बहुतेक वेळा कुणाकडे बघून म्हटलं जातं, हे सांगायला नको.

सरकारलाही हा प्रश्न माहीत आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी २७ फेब्रुवारी २०१७ ला निघालेल्या शासन निर्णयात पती-पत्नी एकत्रीकरणाला वेगळा संवर्ग दिला गेला आणि त्यासाठी दोघांच्या कामाच्या ठिकाणांमधलं अंतर ३० किलोमीटरहून जास्त असण्याची अट ठेवली गेली. निदान एक आकडा कुणीतरी ठरवला. पण दोघांपैकी एक जण खासगी कारखान्यात असेल, तर त्याच्या बदलीचा निर्णय कुठलंच सरकार काढत नाही. तिथं घरच सरकवावं लागतं.

पुठ्ठा, तीन भोकं आणि एक गाठ

आतापर्यंत आपण दोनच ठिकाणं धरली. तिसरं आलं की गणित बदलतं. ते मुलीच्या शाळेचं असेल किंवा आईच्या दवाखान्याचं. तीन ठिकाणांपासूनच्या अंतरांची बेरीज सर्वांत कमी कुठं, हा प्रश्न सतराव्या शतकात फर्मानं विचारला आणि तोरिचेल्लीनं सोडवला. त्याचं उत्तर घरी बघता येतं.

पुठ्ठ्यावर तालुक्याचा नकाशा चिकटवा. तिन्ही ठिकाणी भोकं पाडा. तीन दोऱ्यांची टोकं एका गाठीत बांधा, दुसरी टोकं भोकांतून खाली सोडा आणि प्रत्येकाला सारखं वजन लावा. पुठ्ठा आडवा धरून गाठ सोडली, की ती सरकत जाऊन जिथं थांबते, ती घराची जागा. आता वजनं बदला. जास्त फेऱ्यांना जास्त वजन, दुचाकीला बसपेक्षा जास्त, रात्रपाळीला आणखी जास्त. एकच वजन बाकी दोघांच्या बेरजेइतकं झालं, की गाठ थेट त्या भोकाशी जाऊन बसते.

हा खेळ दोघांनी मिळून करावा तो गाठीसाठी नाही, वजनांसाठी. मुलीला ताप आला, की शाळेचा फोन कुणाला येतो? आईला तपासणीला कोण नेतं? या फेऱ्या कुणी मोजलेल्या नसतात, म्हणून त्यांचं वजन दोरीला लागतच नाही. ते लावलं, की गाठ बऱ्याचदा तिच्या कामाच्या ठिकाणाकडे सरकते.

सरासरी नको, वाईट दिवस मोजा

नकाशात आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे नदी. गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेलं पाणी याच भागातून नांदूर मध्यमेश्वरकडे जातं. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांत सायखेडा-चांदोरीनं ते अनुभवलं आहे. पूल बंद झाला, की निफाडचं अंतर एका रात्रीत बदलतं. सिन्नरच्या दिशेला तो पूल लागत नाही. म्हणजे पावसाळ्यात तिचं वजन आणखी वाढतं. अमेरिकेतल्या प्रवाशांवरच्या अभ्यासांतही प्रवासाच्या लांबीइतकाच त्याचा बेभरवसा ताण वाढवतो, असं दिसलं आहे.

म्हणून निर्णय घेण्याआधी दोन आठवडे दोघांनी एकाच वहीत नोंद ठेवावी. दारातून निघाल्यापासून कामाच्या दारापर्यंतचा वेळ, झोपेचे तास, घरी पोचल्यावर पाठ किंवा डोकं दुखतंय का, आणि त्या दिवशी अचानक कुणाला धावावं लागलं. सरासरी काढण्यापेक्षा सर्वांत वाईट तीन दिवस बघा. घर त्या दिवसांसाठी निवडायचं असतं. आणि लगेच वीस वर्षांचं कर्ज काढण्याआधी दोन महिने भाड्यानं राहून बघा. पाळी बदलते, शाळा बदलते, बदलीही होते.

आपल्या जोडप्याचं काय? त्याला रोज कंपनीची बस आणि रात्रपाळी क्वचित असेल, तर निफाडच्या दोन खोल्या चुकीच्या नाहीत. रात्रपाळी दर तिसऱ्या आठवड्याला आणि येणं दुचाकीवर असेल, तर सिन्नरचा विचार करावा. पण मग घरातल्या त्या २९९ मिनिटांतली निम्मी त्यानं उचलायची, ही अट घालून. सायखेड्यातच राहायचं ठरलं, तरी हरकत नाही. मुलगी आजीपाशी असते, हे वजन लहान नाही. मात्र ते "दोघांनाही सारखंच पडतंय" म्हणून नसावं. सारखं पडतंय की नाही, हे त्या वहीत दोन आठवड्यांत दिसेल.