पोथीवाचून उडालेले हेलिकॉप्टर

१९८२ च्या फॉकलंड युद्धात, २५ मे रोजी, ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्रांना बळी पडले. १२ माणसे गेली, तीन चिनूक हेलिकॉप्टरे गेली. ‘ब्राव्हो नोव्हेंबर’ तेवढे आकाशात होते म्हणून वाचले! पण त्याचे सुटे भाग, हत्यारे, दुरुस्तीच्या पोथ्या, सारे समुद्रार्पण झाले. केवळ अनुभवावर त्याला उडते ठेवणाऱ्या मेकॅनिकांचे मला वैमानिकांहून अधिक कौतुक वाटते. एका रात्री बर्फवृष्टीत ते समुद्रावर आपटले आणि उसळून पुन्हा उडाले. एका खेपेस तर त्यात ८१ सैनिक कोंबले होते. आपली लोकलच म्हणा ना! पुढे इराक, अफगाणिस्तान. चार वैमानिकांना त्याच्यावर शौर्यपदके मिळाली. २०२२ मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडातील कॉसफर्डच्या संग्रहालयात दाखल झाले.